घमेलं बाईच्या डोक्यावर, थापी कोणाच्या हातात?

कुंभारीण म्हटलं की माती मळणारी, मडकी भाजणारी बाई डोळ्यांपुढे येते. माळीण म्हटलं की फुलं विकणारी दिसते. पण ‘गवंडीण’ म्हणून बघा. ऐकणाऱ्याला गवंड्याची बायको आठवेल. हातात थापी घेऊन भिंत रचणारी बाई कोणाच्याही डोळ्यांपुढे येणार नाही. बांधकामावर राबणाऱ्या बाईसाठी आपल्या भाषेत शब्द आहे तो ‘बिगारी’. वेठबिगारीतला बिगार तोच हा.

कोणत्याही बांधकामावर जाऊन पाच मिनिटं उभं राहिलं तरी चित्र तेच दिसतं. वाळू चाळते बाई. सिमेंटचा माल कालवायला पाणी आणते बाई. घमेलं डोक्यावर घेऊन फळीवरून वर जाते बाई. विटा, ब्लॉक, चिरे वाहून गवंड्याच्या हाताशी रचून ठेवते बाई. आणि मापं घेणं, दोरी लावणं, ब्लॉक कापणं, बसवणं, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे की नाही ते सांगणं ही सगळी कामं पुरुषाची. गवंड्याची मजुरी बिगाऱ्याच्या दीडपट-दुप्पट असते, आणि बिगाऱ्यांमध्येही बाईला पुरुषापेक्षा कमी हातावर टेकवतात.

संघटनेत आम्ही बांधकाम मजूर बायकांच्या मजुरीवर अनेकदा बोललो, मोर्चेही काढले. माझं म्हणणं असं आहे की मजुरीचा प्रश्न लढवताना आपण थापीचा प्रश्न बाजूला ठेवतो. तो पुढे आणल्याशिवाय मजुरीचाही सुटणार नाही.

वजनाचं कारण खोटं आहे

बायका गवंडीकाम का करत नाहीत, असं कोणालाही विचारा. उत्तर ठरलेलं आहे : ‘ते अंगमेहनतीचं काम, बाईला झेपत नाही.’

आता हिशेब मांडू या. मालाने भरलेलं घमेलं पंधरा-वीस किलोचं. कोकणातला जांभ्याचा एक चिरा पंचवीस-तीस किलोचा. तो ट्रकमधून उतरवून जोत्यापर्यंत बायका डोक्यावरून नेतात आणि दिवसभर नेतात. गवंडी तोच चिरा हाताशी आलेला उचलतो आणि फूट-दोन फूट सरकवून बसवतो. दोघांत जड काम कोणाचं?

शिवाय बांधकामाचं सामान आता बदललं आहे. आमच्याकडे ज्याला सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात, ते हलके ब्लॉक सगळीकडे मिळतात. दोन फूट लांब, आठ इंच उंच, सहा इंच जाड असा ब्लॉक अकरा-बारा किलोचा भरतो. म्हणजे पाण्याने भरलेल्या हंड्याएवढासुद्धा नाही. आणि तो साध्या हातकरवतीने कापता येतो. वजन हेच खरं कारण असतं, तर हे ब्लॉक आल्याबरोबर थापी बाईच्या हातात यायला हवी होती. ती आली नाही. ब्लॉक हलका झाला आणि वाहणारीचं ओझं थोडं उतरलं, एवढंच.

खरं कारण शिकण्याच्या संधीत आहे. गवंडीकाम पुस्तकातून शिकवत नाहीत. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बिगारी म्हणून लागतो. गवंडी चहाला बसला की तो थापी उचलून दोन विटा लावून बघतो. गवंडी रागावतो, मग दाखवतो. तीन-चार वर्षांत तो मुलगा स्वतंत्रपणे भिंत घालू लागतो. त्याच्याच बरोबर लागलेली बाई त्या चहाच्या वेळात झोळीतल्या पोराला पाजायला जाते, नाहीतर चुलीकडे वळते. कधी तिने थापी उचललीच, तर हसं होतं किंवा नको तसं बोलणं ऐकावं लागतं. वीस वर्षं बांधकामावर काढूनही ती बिगारीच राहते. तिच्या डोळ्यांसमोर शेकडो भिंती उभ्या राहिलेल्या असतात. भिंत कशी घालतात ते तिला पाठ असतं. हात मात्र लावू दिलेला नसतो.

इथेच कायदा लंगडा पडतो. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. २०१९ च्या वेतन संहितेत तोच सामावून घेतला गेला. कायदा म्हणतो, सारख्या कामाला सारखी मजुरी. पण बाईला ते ‘सारखं काम’ करूच दिलं नाही, तर कायदा काय करणार? ठेकेदार सहज सांगतो, ‘बाई अकुशल आहे, गवंडी कुशल आहे, दर वेगळे.’ कागदावर त्याचं बरोबर ठरतं. म्हणून ‘समान कामाला समान दाम’ या घोषणेच्या आधी आपल्याला ‘समान काम’ मागावं लागणार आहे.

माती होती तोवर भिंत बायकांची होती

भिंतीचं काम बायकांना परकं होतं असंही नाही. कारवीचे कुड उभे करून त्यावर शेणमातीचा लेप देण्याचं काम ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत बायकाच करत आल्या आहेत. देशावरच्या मातीच्या घरांना दरवर्षी पोतेरं करणं, पडलेला पोपडा भरून काढणं, जमीन चोपून सारवणं, हे सगळं बायकांचं. कोणत्या मातीत किती भुसा घालायचा, लेप किती जाड द्यायचा, तडा का जातो, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. त्याला कोणी कौशल्य म्हटलं नाही, कारण त्याचे पैसे मिळत नव्हते.

सिमेंट आलं आणि भिंत विकत घ्यायची वस्तू झाली. ज्या दिवशी त्या कामाला दर लागला, त्या दिवसापासून ते पुरुषाचं झालं.

तरीही एक काम आजही बायकांकडे आहे, तेही फुकट. भिंत उभी राहिली की गवंडी पैसे घेऊन जातो. पुढचे सात-आठ दिवस, जास्त ऊन असेल तर त्याहून अधिक, भिंतीला पाणी मारायचं असतं. सिमेंट पाण्याशी संयोग होऊनच घट्ट होतं. पाणी कमी पडलं तर सांधे भुसभुशीत राहतात. म्हणजे भिंतीची ताकद या कामावर अवलंबून आहे. ते करते घरातली बाई, सकाळ-संध्याकाळ, लांबून आणलेल्या पाण्याने. घराच्या खर्चाच्या वहीत सिमेंट लिहितात, वाळू लिहितात, गवंड्याची मजुरी लिहितात. पाणी मारणं कुठे लिहिलेलं तुम्ही पाहिलंय?

आम्ही भिंत घातली

हे सगळं मी नुसतं वाचून लिहीत नाही. आमच्या बचत गटातल्या एका परित्यक्ता मैत्रिणीला माहेरच्या घरामागे न्हाणी बांधायची होती. बारा वर्षं ती पत्र्याच्या आडोशाला, तांबडं फुटायच्या आत अंघोळ उरकत होती. तिने साठवलेल्या पैशात सामान येत होतं, पण गवंड्याची मजुरी बसत नव्हती. गटाच्या बैठकीत विषय निघाला आणि आम्ही पाचजणींनी ठरवलं, आपणच बांधू. वाडीतले एक वयस्कर गवंडीकाका शिकवायला तयार झाले. त्यांचा चार दिवसांचा रोज आम्ही गटातून दिला.

दुसऱ्या गटांना उपयोग व्हावा म्हणून काम थोडक्यात सांगते. न्हाणी आतून पाच फूट बाय चार फूट, उंची सात फूट, वर पत्रा. जोत्यापर्यंत दगड, त्यावर सहा इंची हलके ब्लॉक. दाराची जागा सोडून शंभराच्या आसपास ब्लॉक लागले.

पहिली गोष्ट काटकोन. त्यासाठी भारी यंत्र लागत नाही. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं की कोपरा काटकोनात आहे. पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर थांबतं.

मग पहिला थर. आधी कोपऱ्यांचे ब्लॉक बसवायचे, ओळंबा आणि पातळी तपासायची, दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणायची आणि दोरीच्या रेषेत मधले ब्लॉक लावत जायचं. पहिला थर चुकला तर वरचा प्रत्येक थर ती चूक वाढवत नेतो, म्हणून काकांनी अर्धा दिवस त्यावरच घालवायला लावला. ब्लॉक लावण्याआधी त्यावर पाण्याचा हात फिरवायचा, नाहीतर तो मालातलं पाणी शोषून घेतो.

कापण्याचं कारण दुसऱ्या थराला कळतं. खालच्या थराचा उभा सांधा आणि वरच्या थराचा सांधा एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. आले तर भिंत त्या रेषेत चिरते. म्हणून एकाआड एक थराची सुरुवात अर्ध्या ब्लॉकने करावी लागते. ब्लॉक सपाट जागी ठेवायचा, पट्टीने चारी बाजूंना रेघ मारायची आणि मोठ्या दातांच्या करवतीने रेघेवरून कापायचं. दगड किंवा सिमेंटचा भरीव ब्लॉक असेल तर करवत चालत नाही. तिथे छिन्नीने चारी बाजूंना रेघेवर हलके घाव घालत खाच पाडायची आणि मग एक जोराचा घाव. घाई केली तर तो वाकडा फुटतो.

एक गोष्ट आवर्जून सांगते. कापताना उडणारी धूळ साधी नसते. दगडात आणि ब्लॉकमध्ये असलेली सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. विजेच्या कटरने तर धुळीचा लोट उठतो. म्हणून नाकातोंडावर चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, शक्य तिथे पाणी मारून कापणं हे शिकतानाच अंगवळणी पडायला हवं. साडीवर पुरुषी शर्ट घालून पदर आत खोचायचा. बांधकामावरच्या बायका ते करतातच, त्याचं कारणही हेच आहे.

एका दिवसात भिंत चार-पाच फुटांच्या वर चढवायची नसते, खालचा माल ओला असतो. आठवडाभरात आमच्या चारी भिंती पुऱ्या झाल्या. पाचजणींपैकी एक शिवणकाम करणारी आहे. काका तिला म्हणाले, ‘बाई, तुझी रेघ माझ्यापेक्षा सरळ.’ ती म्हणाली, ‘काका, चोळी बेतताना पाव इंच चुकला तर बाई परत आणून तोंडावर टाकते.’

भिंत म्हणजे हक्क

पण खरी अडचण माल कालवण्यात नव्हती. पहिला थर लागला त्या संध्याकाळी मैत्रिणीचा भाऊ येऊन उभा राहिला. ‘ताई, पक्कं बांधकाम कशाला? पत्र्याचा आडोसा पुरे की.’ ती म्हणाली, ‘दादा, गेल्या पावसाळ्यात तो आडोसा दोनदा उडाला. परत कोण उभा करणार?’ भावाला आडोशाची फिकीर नव्हती. पत्रा उचलून टाकता येतो. जोत्यावरची भिंत जागेवर हक्क सांगते. बहिणीला आसरा द्यायला भाऊ तयार असतात; तिने पाया खणला की त्यांना काळजी वाटू लागते.

इथे आपल्याला कायदा माहीत हवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारस केलं, पण त्यातल्या कलम २३ ने राहत्या घरात आडकाठी घातली. पुरुष वारस वाटणी करत नाहीत तोवर मुलीला घराची वाटणी मागता येत नव्हती. लग्न न झालेली, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल तर फक्त राहता येत होतं. १९९४ साली महाराष्ट्राने कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, पण तेव्हा ज्यांची लग्नं झाली होती त्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने देशभर मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क दिला आणि ते कलम २३ सुद्धा काढून टाकलं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं, की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हा हक्क अबाधित आहे.

कायदा इथवर आला. गावात मात्र हक्कसोडपत्र जोरात आहे. ‘माहेर तुटेल’ या एका वाक्यावर हजारो बहिणी सही करतात. आमच्या मैत्रिणीने ती केलेली नव्हती. आम्ही पाचजणी तिच्यासोबत भावाशी बोलायला बसलो. भांडण केलं नाही, पण कागद पुढे ठेवले. घर अजून वडिलांच्याच नावावर होतं. काम थांबलं नाही, आणि तिने वारस म्हणून घराच्या नोंदीत नाव लावण्याचा अर्जही दिला. न्हाणी आठवड्यात झाली. नोंद व्हायला सात महिने लागले.

म्हणून मला वाटतं, भिंत घालता येणं आणि भिंतीवर नाव असणं हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. सरकारी घरकुल योजनांत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावाने द्यायची तरतूद आहे. पण घर कसं असावं, ओटा कुठे, न्हाणी कुठे, खिडकी कोणत्या बाजूला, हे ठरवताना तिला विचारतात का? भिंत कशी उभी राहते हे जिला माहीत आहे, तिला टाळता येत नाही.

पापड-लोणच्यापलीकडे

काही मैत्रिणी विचारतात, ‘आधीच घरचं, शेतातलं, गटाचं काम. त्यात गवंडीकाम कशाला लादायचं?’ प्रश्न रास्त आहे. पण लादण्याची गोष्ट मी करतच नाही. ज्या बायका आज बांधकामावर आहेतच, त्यांचं ओझं वाढत नाही. त्यांचा दर वाढतो. आणि घरातलं काम वाटून घेण्याचा प्रश्न जिथे आहे तिथेच राहतो, तो लढवायचाच आहे.

दुसरी शंका अशी, की यातून गरीब गवंड्यांच्या पोटावर पाय येईल. गवंडीही बहुतेक वेळा स्थलांतरित, वंचित जातीतला मजूर असतो, त्याचंही शोषण होतं. पण त्याच्या झोपडीतली बाईही त्याच बांधकामावर अर्ध्या मजुरीत राबते. तिच्या हातात थापी आली तर त्याच घरात पूर्ण मजुरी येईल. आपलं भांडण गवंड्याशी नाही, ही विभागणी फायद्याची असलेल्या ठेकेदारीशी आहे.

हे होऊ शकतं, याचे दाखले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं गेली. ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड छतांखाली. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड त्या भिंतींत नव्हते. पुढे लातूर-उस्मानाबाद भागात (उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव) घरांच्या दुरुस्तीत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना आणलं. भूकंपात टिकणारी भिंत कशी असते हे बायका शिकल्या आणि गावाला सांगू लागल्या. अहमदाबादेत ‘सेवा’च्या महिला हाउसिंग ट्रस्टने मजूर बायकांना गवंडीकाम शिकवलं. झारखंडमध्ये बचत गटांतल्या हजारो बायकांनी स्वच्छ भारत अभियानात संडास बांधले आणि ‘राणी मिस्त्री’ हे नाव रूढ झालं. शब्द नव्हता, तो कामातून तयार झाला.

मग आपल्या गटांची शिबिरं अजून पापड, लोणची, शिवणकाम यांवरच का थांबतात? पुढल्या तिमाहीत निदान एका गावात एक गवंडीकामाचं शिबिर घ्या. गावातलंच खरं बांधकाम निवडा : एखाद्या एकट्या बाईची न्हाणी, अंगणवाडीची कुंपणभिंत. शिकवणाऱ्याला त्याचा रोज द्या आणि शिकणाऱ्या मजूर बाईलाही त्या दिवसांची मजुरी द्या, नाहीतर जिला सर्वांत गरज आहे तीच येऊ शकणार नाही. पाळणाघराची सोय करा.

दुसरं, नोंदणी. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंद होते. बायकांची नोंद करताना कामाच्या रकान्यात डोळे झाकून ‘बिगारी’ लिहू देऊ नका. जी भिंत घालते तिच्या नावापुढे ‘गवंडी’ लिहून घ्या. तिसरं, सरकारी घरकुलांच्या आणि शाळा-अंगणवाड्यांच्या कामांवर गवंडी म्हणून बायकांना ठरावीक वाटा मिळावा, ही मागणी आपल्या निवेदनांत यायला हवी.

आमच्या गटातल्या दोघी आता वाडीतली छोटी कामं घेतात आणि गवंड्याचा दर सांगून घेतात. पहिल्यांदा लोक घासाघीस करतात, ‘बायकांनी केलंय, कमी द्या’ म्हणतात. त्या ओळंबा काढतात आणि सांगतात, ‘लावून बघा. भिंत वाकडी असेल तर पैसे देऊ नका.’ अजून कोणाचे पैसे बुडालेले नाहीत.

तुमच्या भागात असं काही घडलं असेल, शिबिराचा प्रयत्न फसला असेल, कोणी अडवलं असेल, तर जरूर लिहा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.